डब्याच्या वरच्या बाजूचा जोड

आमचा दादा गाड्यांचा धूर हुंगतो. हे मी चेष्टेने म्हणते, पण त्याच्या ओळखपत्रावरचा हुद्दा याहून फार वेगळा नाही. वाहन तपासणी केंद्राच्या दोन नंबरच्या शेडमध्ये तो तपासनीस आहे, आणि त्याच शेडच्या काचेच्या खिडकीमागे बसून मी गाड्यांचे कागद बघते. म्हणजे लहानपणी ज्याची बडबड फुकट ऐकली, त्याचीच आता पगार घेऊन ऐकते.

दादा बावन्न वर्षांचा आहे, उंच आहे, डावखुरा आहे आणि कमालीचा हट्टी आहे. वहिनी म्हणते, "यांना 'चालतंय' हा शब्द कुणी शिकवलाच नाही." खरं आहे ते. पाहुण्यांसमोर वहिनीने सहज विचारावं, जेवण कसं झालंय, तर हा माणूस घास नीट चावणार, विचार करणार आणि सांगणार, "मीठ किंचित जास्त." पाहुणे ताटात बघत बसतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी वहिनी विचारायची थांबत नाही, म्हणजे तीही काही कमी नाही.

आमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त भांडणं होतात ती एका डब्यावरून. गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे हा डबा असतो. त्याचं खरं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पण दिवसाला साठ गाड्या तपासणारा माणूस एवढं लांबलचक बोलत नाही. डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. इंजिनातून निघालेला धूर तिच्यातून जाताना त्यातलं बरंचसं विष मरतं. कायदा सरळ आहे. एका ठरावीक वर्षानंतर कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक गाडीला डबा पाहिजेच. त्याआधीच्या गाड्यांना सूट, त्यांचा नुसता धूर मोजायचा. लोकांचा घोळ इथेच होतो. गाडी म्हातारी झाली की तिला सगळं माफ, असं त्यांना वाटतं. रोज कुणीतरी माझ्या खिडकीशी येऊन हुज्जत घालतो, "अहो ताई, वीस वर्षांची गाडी आहे, आता कसला डबा?" मी सांगते, "मी वय विचारत नाही, जन्मवर्ष विचारतेय. जन्माला येताना डबा होता ना? मग भंगारात जाईपर्यंत तो पाहिजे."

यंदा या नियमात एक कलम वाढलं. डबा नुसता असून भागत नाही, तो आतून भरलेला आहे की नाही हेही तपासायचं. आणि हे कलम आणावं लागलं ते आमच्या दादासारख्या लोकांमुळे.

कारण तपासनीस होण्याआधी दादा उस्तादांच्या गॅरेजमध्ये होता. उस्ताद म्हणजे त्या काळी गावातला इंजिनाचा शेवटचा शब्द. डबा नवा नवा आला तेव्हा सगळ्या मेकॅनिक लोकांनी त्याला नावं ठेवली. इंजिनाच्या नाकात बोळा कोंबलाय, गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, असं जो तो म्हणायचा. उस्तादांनी त्यावर उपाय काढला. डबा खाली उतरवायचा, वरच्या बाजूने, म्हणजे जी बाजू गाडीच्या तळाला चिकटून असते तिथून कापायचा, जाळी फोडून काढायची, पुन्हा वेल्डिंग करून घासून गुळगुळीत करायचा आणि होता तिथे बसवायचा. तपासणीच्या खड्ड्यात उतरून खालून कितीही बघा, डबा जागेवर. युक्ती उस्तादांची होती, पण जोड दादाचा असायचा. त्याच्यासारखी वेल्डिंग कुणाला जमत नसे. उस्तादांनी पहिला डबा त्याला रिकामा करायला दिला तो स्वतःच्या कोऱ्या गाडीचा. "हात बिघडला तर माझ्या गाडीवर बिघडू दे," म्हणाले. जोड बघून त्यांनी दादाला सगळ्यांसमोर मिठी मारली होती. ती गोष्ट दादाने आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की मीच तिथे होते असं मला वाटतं.

पुढे तो तपासणी केंद्रात लागला. तिथल्या प्रशिक्षणात ती जाळी नेमकं काय करते हे त्याला कळलं. त्या दिवशी तो घरी येऊन पानावरून उठला. "ताई," मला म्हणाला, (मी धाकटी, पण चिडला किंवा हळवा झाला की तो मला ताई म्हणतो) "मी किती डबे फोडलेत माहीत आहे तुला?" मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं.

तेव्हापासून तो आपले जोड शोधत असतो. लाकडी हातोडीच्या दांड्याने डब्यावर टकटक करतो. भरलेला डबा ठप्प वाजतो, रिकामा ठणठणतो. मग डाव्या हाताचं बोट वरच्या फटीतून आत सरकवतो आणि जोड चाचपतो. वेल्डिंगच्या बारीक लहरी असतात. उजव्या हाताच्या माणसाच्या एका दिशेला झुकतात, डावखुऱ्याच्या उलट्या. उलट्या लागल्या की दादा खड्ड्यातून वर येतो तो पडलेला चेहरा घेऊनच.

तर एका मंगळवारी सकाळी उस्तादांची तीच गाडी फाटकातून आत आली. इतकी वर्षं ते पलीकडच्या केंद्रात जायचे, ते बंद झालं म्हणून आमच्याकडे आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हात थरथरतात, पण गाडी अशी राखलेली की बोनेटमध्ये तोंड दिसावं. दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी समजले. तरी मनात म्हटलं, एवढ्या वर्षांत डबा बदललाही असेल.

यंत्राने गाडी पास केली. उस्तादांनी इंजिन इतकं सुरेख लावलेलं की जाळी नसतानाही धूर मर्यादेच्या आत होता. जुन्या गाड्यांची मर्यादा तशी सैल असते. मग दादा खड्ड्यात उतरला. ठणठण मला खिडकीपर्यंत ऐकू आली. तो बराच वेळ वर आला नाही.

"काय रे, झोपलास का खाली?" उस्ताद ओरडले.

दादा वर आला. "उस्ताद, डबा रिकामा आहे."

"ते मला सांगतोस? यंत्र काय म्हणतं?"

"पास म्हणतं."

"मग तू यंत्राच्या वर का?"

"नवं कलम आहे. तुमची गाडी नियम लागू झाल्यावर चार महिन्यांनी कारखान्यातून निघालीय. सूट नाही बसत."

"चार महिने!" उस्ताद हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, मी मिरवायला नाही चालवत गाडी. तुझ्या काकूसाठी लागते, तुला ठाऊक नाही का?"

ठाऊक होतं, आम्हाला दोघांनाही. काकूंची, म्हणजे उस्तादांच्या बायकोची, स्मरणशक्ती गेली त्याला तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी त्या स्वतःच्याच घरात घाबऱ्या होतात आणि म्हणतात, "मला घरी जायचंय." हेच आपलं घर, असं सांगून उपयोग होत नाही, त्या रडायला लागतात. मग उस्ताद त्यांना गाडीत बसवतात, अर्धा तास इकडेतिकडे फिरवतात आणि परत त्याच दारात आणून उतरवतात. तेव्हा कुठे काकू म्हणतात, "आलो बाई एकदाचे." दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्या पाय ठेवत नाहीत. ही गाडी मात्र त्यांना ओळखू येते.

मी दादाला खिडकीशी बोलावलं. "पास कर," मी म्हटलं. "कोण बघतंय वरच्या बाजूला?"

"मी बघितलंय ना."

"तू तोंड बंद ठेव म्हणजे झालं! त्या बाईने तुला गॅरेजात पाच वर्षं डबे भरून जेवण पाठवलंय."

"म्हणूनच," तो म्हणाला. म्हणूनच काय, ते त्याने सांगितलं नाही. मी त्याच्या जागी असते तर डोळे मिटून शिक्का मारला असता आणि मला त्याची लाजही वाटली नसती. आजही वाटणार नाही.

त्याने गाडी नापास केली. चिठ्ठीवर कारण लिहिलं, 'डबा रिकामा'. त्याखाली मला टाइप करायला सांगितलं, 'रिकामा मी केला आहे'. मी साफ नकार दिला. मग त्याने ते पेनाने लिहिलं, आपल्या त्या उलट्या झुकलेल्या अक्षरात, आणि खाली सही केली. उस्तादांनी चिठ्ठी चष्मा लावून वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि दादाकडे न बघता निघून गेले.

नियम असा, की नापास गाडीला तीस दिवसांत डबा बसवून आणायचा, नाहीतर तिची नोंदणी कायमची रद्द. तोवर तपासणीला आणण्यापुरती सोडली तर रस्त्यावर काढायची नाही. आणि त्या मॉडेलचे डबे बनायचे कधीच बंद झालेत. दुसऱ्या गाडीचा चालतो, पण मॉडेल तेच पाहिजे आणि डब्यावरचा छाप जुळला पाहिजे.

उस्तादांच्या शेजारी वहिनीची मावसबहीण राहते. तिच्याकडून एकेक बातमी यायला लागली. संध्याकाळी उस्ताद काकूंचा हात धरून गल्लीत फेरी मारतात. काकूंना ते पटत नाही. त्या फाटकाला धरून उभ्या राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, मला घरी सोडता का? दादा हे ऐकायचा आणि हात धुवायला उठायचा. तीन रविवार तो भंगारवाल्यांकडे फिरला. त्या मॉडेलच्या गाड्या सापडल्या, पण त्यांचे डबे रिकामे. दोन तर त्याच्याच हातचे होते. हे ऐकून मला हसू आलं आणि मग रडूही आलं.

त्या मॉडेलची एक धडधाकट गाडी मात्र आमच्याच अंगणात उभी होती. दादाची. उस्तादांकडे जी, तीच आपल्याकडे पाहिजे म्हणून त्याने हौसेने घेतलेली. ती घेतली तेव्हा तो केंद्रात लागला होता, त्यामुळे तिचा डबा शाबूत. चौथ्या रविवारी दुपारी तो जॅक लावून तिच्याखाली शिरला.

वहिनी दारात आली. "अहो, काय झालं गाडीला?"

"काही नाही."

"मग खाली काय करताय?"

"डबा काढतोय."

वहिनीने वाकून गाडीखाली बघितलं. "आणि उद्या कामावर कसे जाणार?"

"चालत."

"पाच किलोमीटर? आणि ही तुमची बहीण?"

"तिचं वजन वाढलंय, तिलाही बरं."

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी पुटपुटत आत गेली आणि एक जुनी चादर घेऊन आली, डबा गुंडाळून न्यायला.

उस्तादांना त्याने सांगितलं, भंगारात मिळाला. ते बोलत नव्हतेच. "ठेव तिथे," एवढंच म्हणाले. पण हात थरथरणाऱ्या माणसाला तो बसवता येणार नव्हता, म्हणून दादाच खाली शिरला. बसवण्याआधी उस्तादांनी डबा मांडीवर घेतला आणि वरच्या बाजूवरून सावकाश तळवा फिरवला. कापल्याची खूण कुठेच नव्हती. मग छाप वाचला. मग दादाच्या बोटांना लागलेला ताजा गंज बघितला. मी तिथेच उभी होते. त्यांनी डबा दादाच्या हातात दिला.

सोमवारी गाडी परत आली तेव्हा दादाने ती एक नंबरच्या शेडला पाठवली. स्वतः तपासणार नाही म्हणाला. तिथे ती पास झाली. त्याच दुपारी त्याने मला दुसरा कागद दिला, आपल्या गाडीचा. 'डबा नाही. नापास.' "हेही टाइप करणार नाहीस का?" त्याने विचारलं. मी केलं. तेव्हापासून आमची गाडी अंगणात चादर पांघरून उभी आहे आणि आम्ही दोघं चालतोय. पहिल्या आठवड्यात माझ्या टाचा सोलवटल्या. दादाला मी रोज मनसोक्त शिव्या दिल्या, त्या त्याने रोज मुकाट ऐकल्या, आणि माझी पिशवीही रोज त्यानेच धरली. असा भाऊ सोबत असला की राग येतो आणि जीवही तुटतो, काय करणार?

परवा संध्याकाळी शेड बंद करून आम्ही बाहेर पडलो, तर फाटकाशी हॉर्न वाजला. उस्तादांची गाडी. पुढच्या सीटवर काकू, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. उस्तादांनी समोर बघतच मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "बसा."

आम्ही बसलो. काकूंनी दोनदा मागे वळून दादाकडे बघितलं. मग त्यांनी उस्तादांच्या बाहीला हात लावला.

"अहो, हा मागे कोण बसलाय?"

"आपली गाडी नापास केली होती ना, तो."

"मग त्याला आत कशाला घेतलंत?"

उस्तादांनी गियर बदलला. "त्याच्याकडे आता गाडी नाही."

काकू विचार करत राहिल्या. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. त्यांची नेहमीची वेळ झाली होती, आणि आता त्या काय म्हणणार हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

"मग आधी याला घरी सोडा हो," काकू म्हणाल्या. "आपण नंतर जाऊ."