विलास आणि केनीचं भांडं

विलासच्या मुलीचा, केतकीचा फोन आला तेव्हा मी कुवेतमध्ये, फहाहीलच्या माझ्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी फॅनबेल्टवरून हुज्जत घालत होतो. "काका, बाबा गेले. सकाळी, झोपेतच," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आईनं सांगितलं, इस्माईलकाकांना आधी कळव." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला हवा तो बेल्ट तो म्हणेल त्या भावात देऊन टाकला. त्याला आता पाच आठवडे झाले. विलास कुलकर्णी हा माझा मित्र मूळचा नाशिकचा, मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर होता आणि महबूल्यात आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायचा. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तो नाशिकला परत गेला होता.

आमची ओळख नव्वदच्या दशकात झाली, ती लिफ्ट बंद पडल्यामुळे. दोघांच्या हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि जिना चढताना दोघंही मराठीतून लिफ्टचा उद्धार करत होतो. मी रत्नागिरीकडचा हे कळल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो माशांबद्दल. कुलकर्णी असून तो सगळं खायचा, आणि जे खायचं ते स्वतः करून बघायचा. त्याची बायको सुलभा शाकाहारी. ती स्वयंपाकघराचा एक ओटा त्याला तोडून देऊन मोकळी झाली होती. त्या ओट्यावर एक दिवस केनीचं भांडं आलं.

केनी हा त्याच्या कामावरचा हवाई बेटांवरचा माणूस. नोकरी संपवून जाताना त्यानं घरातलं सामान वाटून टाकलं आणि विलासच्या वाट्याला स्लो कुकर आला... बाहेरून पत्र्याचं कवच, आत जडशीळ चिनी मातीचं भांडं, विजेवर तासन् तास मंद तापणारं. सोबत हातानं लिहिलेला एक कागद होता. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा घ्या, जाडं मीठ चोळा, धुराचा अर्क घाला, झाकण न उघडता शिजू द्या, मग दोन काट्यांनी त्याचे तंतू सोडवा. केनीच्या घरी विलासनं या पदार्थाचं नुसतं वर्णन ऐकलं होतं, कारण कुवेतमध्ये डुकराचं मांस विकायलाही बंदी आणि आणायलाही. पण विलास अडून राहणारा नव्हता. त्यानं कागदावरचं 'डुक्कर' खोडून वर 'मटण' लिहिलं, धुराच्या अर्काऐवजी आपल्या पद्धतीनं निखाऱ्यावर तूप सोडून धुरी दिली आणि केरळी दुकानातून केळीचं पान आणून मांस त्यात गुंडाळलं.

मग तो आमचा शुक्रवारचा रिवाजच झाला. शुक्रवारी पहाटे मी फजरच्या नमाजाला उठायचो, त्या सुमाराला वर त्याचं भांडं लागायचं. दुपारी जुम्याचा नमाज पढून परत आलो की मी आणि माझी बायको नसीम, आमचा मुलगा, सगळे वर जेवायला. नसीम तांदळाच्या भाकऱ्या घेऊन जायची. मांसाला सुरी लावायची नाही, अशी विलासची सक्त ताकीद होती. तंतू आपणहून सुटले पाहिजेत, नाहीतर परत झाकण ठेवायचं. आणि खाताना तो मनात आलेलं बोलून टाकायचा. "भाभी, आज भाकरी चामट झालीय," हे तो ताटावर बसून, दुसरी भाकरी मागत सांगायचा. नसीम चिडायची आणि पुढच्या शुक्रवारी पीठ नीट मळायची. मी केस काळे केले तेव्हा अख्ख्या इमारतीत तोंडावर हसणारा तो एकटाच होता. स्वतःचं मटण बिघडलं तरी पहिला घास घेऊन तोच नापास करायचा.

चार वर्षं असं छान चाललं. मग एका शनिवारी संध्याकाळी तो खाली आला. हातात ईमेलची छापील प्रत. बसला नाही. त्यानं केनीला कौतुकानं कळवलं होतं की तुझा पदार्थ आम्ही मटणाचा करतो. केनीनं उलट लिहिलं होतं, छान जमणारच, त्या भांड्यात माझ्या आईनं दहा वर्षं तेच तर शिजवलं, डुकराचं मांस. भांडं केनीनं अमेरिकेतल्या घरून आणलेलं होतं. आमच्या दोघांच्याही हे डोक्यातच आलं नव्हतं. कुवेतमध्ये ते मांसच मिळत नाही, मग भांड्याला कुठून लागणार, असं आम्ही धरून चाललो होतो. कस्टमवाल्यांच्या भरवशावर चार वर्षं जेवलो.

मी संतापलो. खरं सांगायचं तर संताप भांड्याचा कमी आणि त्यानं ते सांगितल्याचाच जास्त होता. "तू बोलला नसतास तर मला कधी कळलं असतं?" मी विचारलं.

"नसतं कळलं," तो म्हणाला. "पण दर शुक्रवारी तू घास घेताना मला मान खाली घालून बसावं लागलं असतं. ते मला जमणार नाही, इस्माईल."

मी त्याला दार दाखवलं. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, नकळत झालं त्याचा गुन्हा नाही, नीट धुतलं की भांडंही पाक, म्हणजे शुद्ध. माझा राग मात्र धुतला जाईना. सहा महिने आम्ही लिफ्टमध्ये शेजारी उभे राहून मजल्यांचे आकडे वाचले. शेवटी नसीमनंच एकदा विचारलं, भाईंनी लपवून तुम्हाला जेवू घातलं असतं तर ते चाललं असतं का?

पुढे एगैलाच्या मॉलमधून त्यानं नवा स्लो कुकर घेतला आणि सीलबंद खोकं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, भाभीनं आपल्या हातानं पट्टी कापावी, भांडं इथेच राहील, मी येऊन शिजवीन, तुमच्यासमोर. मी फक्त "ये" म्हणालो. जुन्या भांड्यात सुलभानं मनीप्लँट लावला होता. त्यानंतर तो नाशिकला जाईपर्यंत दर शुक्रवारी पहाटे आमच्या दारावर टकटक व्हायची. आम्ही पोटभर जेवलो, खूप हसलो... पण तू सांगितलंस ते बरं केलंस, हे मी त्याला एकदाही म्हणालो नाही. विमानतळावरही नाही. वाटायचं, म्हणू कधीतरी. आता त्याची खंत वाटते, आणि ती जाईल असं दिसत नाही.

गेल्या शुक्रवारी मी स्वतः ते मटण केलं. पहाटे लावलं, नमाजाहून आल्यावर दोन काट्यांनी सोडवलं. पहिल्या घासालाच कळलं, मीठ फार पडलंय. नसीम म्हणाली, चांगलं झालंय हो. मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "इट्स गुड, अब्बा." मी दोघांच्या तोंडांकडे बघत राहिलो. दोघांनीही ताट स्वच्छ केलं, दोन-दोन पेले पाणी प्यायले, आणि खारट झालंय असं कुणीच म्हणालं नाही.