शेलार हवालदारांचा स्टँड-टू

फौजेत संध्याकाळी उजेड जाता जाता स्टँड-टू असतो. हत्यार घेऊन जो तो आपल्या खंदकात, तोंड शत्रूकडे, बोलणं बंद. हल्ला बहुधा त्याच वेळी येतो म्हणून. अंधार पुरता पडला की स्टँड-डाऊन, मग चहा. आम्ही वैतागायचो, पण करायचो.

पासष्टच्या लढाईत पंजाबातल्या उसाच्या फडात हल्ला आला तो नेमका स्टँड-टूला. माझ्या मांडीत गोळी घुसली. रेडिओवर हुकूम आला, "सेक्शन पीछे हटो. ओव्हर."

"पहले जख्मी निकलेंगे. आउट," आमचे सेक्शन कमांडर हवालदार धोंडू शेलार म्हणाले.

महाडीक आणि तांबे मशीनगनवर थांबले. शेलारांनी मला खांद्यावर टाकून फडाबाहेर काढलं आणि स्वतः परत आत गेले. जागा सोडली नाही. महाडीक गेला, तांबे गेला. शेलारांना मेडल मिळालं, पण तोफगोळ्याने कानांचे पडदे फाटले होते. मेडिकल बोर्डाने घरी धाडलं.

मीही लंगडत फौजेतून सुटलो आणि दुबईत देरा भागातल्या एका गॅरेजात लागलो. आम्हा रत्नागिरीकडच्या मुसलमानांना दुबई परकी नव्हती. मामा तिथे होताच. एका संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर लाँचमधून तांदळाच्या गोण्या उतरत होत्या. आटपा म्हणून मुकादम अरबीत बोंबलत होता, "यल्ला, यल्ला!" एक हमाल मात्र गोणी खाली ठेवून मावळतीकडे तोंड करून ताठ उभा. नमाज म्हणावी, तर हा गळ्यात तुळशीची माळ घातलेला हिंदू.

"पागल है. रोज का नाटक," मुकादम मला म्हणाला. "कल इसी लाँच से वापस."

चेहरा पाहिला, तर आमचे शेलार. या अल्ला, मेडलवाला माणूस आणि अंगात फाटकी बनियन! मी कानाशी ओरडलो, "हवालदारसाहेब, मी युसूफ!"

त्यांनी मान वळवली नाही. "स्टँड-टू चालू आहे. गप."

अंधार पडल्यावर बोलले. "गावात बहिऱ्याला काम कोण देतो? घरी खाणारी तोंडं आहेत."

"आणि मेडल?" मी पुन्हा कानाशी ओरडलो.

"बायकोच्या ट्रंकेत. ते लावून गोण्या उचलू की काय?" ते हसले. मला काही हसू आलं नाही.

मी मुकादमाला फडातली सगळी हकिकत सांगितली. तो मग म्हणाला, "ठीक है. पर उतनी देर बोरियाँ कौन उठायेगा?"

"मैं."

त्या दिवसापासून गॅरेज सुटलं की मी धक्क्यावर. लंगड्या पायाने त्यांच्या वाट्याच्या गोण्या उतरवायचो. मामा चिडला, "फुकटची हमाली? डोकं फिरलंय तुझं!" फिरलं तर फिरलं. मला उचलणाऱ्याने मी किती जड आहे हे विचारलं नव्हतं.

स्टँड-टूच्या शेवटी हवालदारसाहेब पुटपुटायचे, "महाडीक. तांबे. स्टँड-डाऊन." बहिऱ्या माणसाचं पुटपुटणं ते! त्यांना वाटायचं आपण मनातल्या मनात बोलतोय, पण ऐकू सगळ्यांना जायचं. तेवढं होईपर्यंत मुकादमही यल्ला म्हणत नसे. पंजाबातला तो फड कधी न पाहिलेल्या त्या धक्क्यावर बलुची, इराणी, मलबारी, सगळ्यांना ती दोन नावं पाठ झाली होती.