दूध काही जेवण नव्हे

आमच्या घरात दूध जेवणात धरत नाहीत. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरात ते पाण्याच्या जागी असतं. तहान लागली की शेळी धरायची, वाटीभर काढायचं आणि प्यायचं. माणूस तांब्याभर दूध पिऊन नुकताच उठला असला आणि "जेवलात का?" असं कुणी विचारलं, तरी उत्तर "न्हाई अजून" हेच येणार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वडिलांच्या आजारात वर्षभर आमचं जे चुकलं ते इथेच चुकलं. आणि चुकणाऱ्यांत शिरूर कासारच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मी आघाडीवर होतो.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांना पार्किन्सन झालाय असं संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, तोवर गावाने तीन निदानं करून ठेवली होती: वारं, म्हातारपण आणि जास्तीचा चहा. हात थरथरतो याचं आबांना फारसं काही नव्हतं. बोटं मंदावली, हे त्यांना लागलं होतं. आमच्याकडे पुरुष मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातायचे. चाती म्हणजे बोटांनी गरकन फिरवून सोडायची लाकडी काडी. ती फिरत खाली जाते आणि वर बोटांतून लोकरीचा धागा निघत राहतो. आबांनी प्रत्येक नातवंडाला स्वतः कातलेल्या सुताची घोंगडी दिली होती. विणणारे दुसरे, सूत मात्र आबांचं. राहिली होती एक, माझी धाकटी मुलगी. ती जूनमध्ये नर्सिंग शिकायला लातूरला जाणार होती.

डॉक्टर बाईंनी मेंदूतल्या पेशी, त्यांत तयार होणारं रसायन, ते कमी पडलं की काय होतं, हे सगळं नीट समजावून सांगितलं. आबांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाई, सूत निघंल का?"

"गोळीनं बराच फरक पडतो. बघू या," त्या म्हणाल्या.

फरक पडला, पण लहरीने. एखाद्या दिवशी आबा गोळी घेऊन अर्ध्या तासात उठून मेंढरांच्या वाड्यावर जायचे. बहुतेक दिवशी मात्र उन्हं डोक्यावर येईपर्यंत खाटेवर बसून असायचे. चाती हातातून सुटायची, धागा तुटायचा, आबा तो जोडायचे, परत तुटायचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं: जेवणाआधी अर्धा तास. माय ते इमानाने पाळायची. भाकरीच्या बरोबर अर्धा तास आधी गोळी द्यायची, वाटीभर शेळीच्या दुधाबरोबर. रिकाम्या पोटी औषध उष्ण पडतं, असं तिचं म्हणणं. मी रोज समोर बसून हे पाहत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दूध काही जेवण नव्हे.

याच सुमारास बीडला एका मंगल कार्यालयात मेंदू-संरक्षणाचं शिबिर भरलं. फलकावर मेंदूचं चित्र होतं आणि मेंदूपेक्षा मोठे पाच नेत्यांचे फोटो. उद्घाटक दोन तास उशिरा आले. त्यानंतर सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा. शाल, श्रीफळ, फेटा. सभागृहात निम्मे लोक कंपवाताचे होते, आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या की त्यांचे हात एकमेकांना सापडत नव्हते. आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, ह्या समद्यांचा मेंदू वाचला असंल, म्हणून सत्कार हाय का?"

शेवटी मुख्य वक्ते उठले. त्यांनी सांगितलं की मेंदू झिजतो तो जीवनसत्त्वांअभावी, आणि त्यांच्या डब्यातल्या भुकटीत बावीस जीवनसत्त्वं आहेत, शिवाय भरपूर प्रथिनं. मी वर्गात तेरा शिकवतो. उरलेली नऊ कुठून आली, हे विचारायला मी हात वर केला नाही. उलट रांगेत उभा राहिलो आणि दोन डबे घेतले. नवस, भविष्य, ताईत या सगळ्यांवर आयुष्यभर तोंडसुख घेणारा माणूस बाप आजारी पडला की रांगेत कसा उभा राहतो, हे मला त्या दिवशी समजलं. फार शांतपणे उभा राहतो. सुट्टे पैसेसुद्धा काढून ठेवतो.

भुकटी दुधात कालवायची होती. दूध होतंच. आता गोळी, दूध आणि भुकटी असा तिहेरी बेत झाला आणि आबा आणखी बसले. पंधरवड्यात चाती खुंटीला गेली. मुलगी म्हणाली, "आबा, राहू द्या. मी ब्लँकेट नेते." त्या दिवशी आबांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

त्यानंतर एका सकाळी करडू सुटलं आणि शेळी पार पिऊन बसलं. दूध नाही म्हणून मायने गोळी पाण्याबरोबर दिली. आबा अर्ध्या तासात उठले आणि करडाला बांधायला स्वतः गेले. माझ्या दृष्टीने तो नशिबाचा दिवस होता. आबांना मात्र त्यात कारण दिसलं होतं. पुढे काय झालं ते मला सव्वा महिन्याने कळलं, कारण त्यांनी मायला बजावलं होतं: "मास्तराला सांगू नगंस. त्यो पुस्तक काढंल."

कळलं ते चाती दिसली म्हणून. त्या दिवसांत परीक्षांच्या कामामुळे मी रविवारीसुद्धा सकाळीच शाळेत जायचो. एका रविवारी घरी राहिलो, आणि आबा ओट्यावर बसून कातत होते. शेजारी सुताचे दोन गोळे. एक काळ्या लोकरीचा, एक पांढऱ्या.

"दोन रंग कावून?" मी विचारलं.

"बस," आबा म्हणाले. "तू वर्गात शिकवतो ना, कशानं काय होतं ते कसं वळखायचं? सांग बरं."

"एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं," मी म्हणालो.

"मंग त्येच केलं. एक दिस गोळी दुधावर, भुकटी घालून. त्या दिशी पांढरी लोकर. दुसऱ्या दिशी गोळी पाण्यावर, दूध दिवेलागणीला. त्या दिशी काळी. गोळी एकबी चुकवली न्हाई. वेळ तीच, मापून वाटीभर लोकर. आता बघ."

मी दोन्ही धागे बोटांतून ओढले. काळा सरळ येत होता. पांढरा म्हणजे मण्यांची माळ; हातभर धाग्यात तीन-तीन गाठी, आणि दोन गाठींच्या मध्ये कुठे जाड, कुठे केसासारखा.

"तुम्हाला सुचलं कसं, आबा?"

"आरं, मेंढराला जंताचं औषध पाजायचं तर आदल्या सांजंला चारा टाकतो का आपण? पोट भरलेलं असलं की औषध नुसतं खाली जातं, लागत न्हाई. मेंढराला लागू त्ये माणसाला लागू न्हाई का? करडानं दूध पिलं त्या दिशी मी घोड्यावानी चाललो. लई इचार केला. म्हनलं, त्या लेकराचं उपकार हायेत."

माय आतून म्हणाली, "आन् माझी दुधाची वाटी बाद केली! चाळीस साल मी औषध दुधावर दिलं, कुणी मेलं न्हाई."

"मेलं न्हाई, पन उठलं बी न्हाई," आबा म्हणाले.

पुढच्या तपासणीला आबांनी दोन्ही गोळे धोतराच्या सोग्यात बांधून आणले. मी उरलेली भुकटी आणि डबा घेतला होता. डॉक्टर बाईंच्या टेबलावर आबांनी गोळे मांडले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, जंताच्या औषधासकट. बाईंनी चष्मा वर केला, पांढरा धागा उजेडात धरला, गाठी मोजल्या, मग काळा धरला. मग माझ्याकडे पाहिलं.

"गोळी दुधाबरोबर चालली होती? चिठ्ठीवर जेवणाआधी लिहिलं होतं ना?"

"दूध म्हणजे..." मी सुरुवात केली.

त्यांनी समजावलं. ही गोळी आणि प्रथिनं आतड्यातून एकाच दाराने आत जातात. दुधातल्या प्रथिनांची गर्दी असली की गोळी बाहेर ताटकळत राहते. सगळ्यांना एवढा फरक जाणवत नाही, आबांना जाणवतो. दूध, डाळ बंद करायची नाही, अंगाला ते लागतंच; फक्त गोळीपासून लांब ठेवायचं, जास्तीचा वाटा संध्याकाळकडे सरकवायचा. भाकरी, भाजी, पाणी भरपूर. मी डबा पुढे केला. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. मेंदूची झीज थांबवतं असं कुठलंही जीवनसत्त्व अजून सिद्ध झालेलं नाही, त्या म्हणाल्या. रक्त तपासू, जे खरंच कमी असेल तेवढं भरून काढू. तपासलं तेव्हा बी-बारा कमी निघालं. बाविसांपैकी एक. त्याची साधी गोळी मिळाली, फेट्याशिवाय.

"आबा," डॉक्टर बाई म्हणाल्या, "हे इतकं नेटकं मला शिकलेले पेशंटही सांगत नाहीत. गोळीमुळे आजार थांबत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे मात्रा बदलावी लागेल."

"ते म्हाईत हाय. मेंढरू म्हातारं व्हतंच. पर जूनपातुर निघंल न्हवं सूत?"

"निघेल."

माझ्या बापाचा सत्कार कधी झालेला नाही. शिबिरातल्या त्या स्टेजवर चढलेल्या एकालाही मी त्यांच्या शेजारी बसवणार नाही, एवढं बोलण्याइतका मी त्या खोलीत ताठ बसलो होतो. बोललो नाही, कारण बाई बोलत होत्या. त्या म्हणत होत्या, "हे दोन्ही गोळे मला द्याल का? मेडिकलच्या मुलांना शिकवताना दाखवीन."

आबांनी विचार केला. पांढरा गोळा उचलून त्यांच्यापुढे सरकवला. काळा उचलून सोग्यात बांधला. गाठ मारताना बोटं जरा अडली, पण कुणाला हात लावू दिला नाही.

"ह्यो नासका ठेवा, बाई. दुसऱ्याला दाखवायच्या कामी यील," ते म्हणाले. "चांगला न्हाई देत. माझ्या नातीची घोंगडी हाय ती."