डाग बघणारा माणूस

लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं काम मशीनचं; आमच्या दाजींचं काम गच्चीवर. वाळणारी चादर भर उन्हात ताणून धरायची आणि डाग राहिलाय का ते बघायचं. खाली ट्यूबलाइटमध्ये प्रत्येक चादर धुतल्या तांदळासारखी. फिकट पिवळा डाग दिसतो तो उन्हातच. मी खाली इस्त्रीला, सावलीत. म्हणून माझे डोळे शाबूत आहेत.

पांढऱ्या चादरींवरचं ऊन डोळ्यांत घेता घेता दाजींच्या दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांस वाढायला लागलं. लालसर, तिकोनी, बुबुळाकडे सरकणारं. डॉक्टर म्हणाले, घातक नाही, साधी वाढ आहे. माझ्या ताईचा जीव भांड्यात पडला. मला मात्र त्या साधेपणाचा अजून राग येतो.

आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळा बधिर करून मांस खरवडलं आणि पापणीखालची पातळ त्वचा काढून त्या जागी लावली. घरी आल्यावर दाजी म्हणाले, "टेबलावरची चादर आपलीच होती रे. कोपऱ्यात डाग होता." आम्ही पोट धरून हसलो.

उन्हात काळा चष्मा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाजींनी पथ्य पाळलं. पण काळ्या चष्म्यातून पिवळा डाग कुठला दिसायला? हॉस्पिटलमधून गठ्ठे परत येऊ लागले. मालक म्हणाला, "तुम्हाला काय शोभेला ठेवलंय?" त्या दिवसापासून चष्मा खिशात गेला.

मी भांडलो. "दाजी, डोळे जातील."

"आणि चष्मा घातला तर नोकरी जाईल. तूच सांग, काय ठेवू?"



मांस परत आलं, पहिल्यापेक्षा जाड. पुन्हा कापलं, पुन्हा आलं आणि बुबुळाच्या मध्यावर पोचलं. डॉक्टरांनी हात टेकले. आता कापलं तरी खाली पांढरा व्रण राहणार, नजर यायची नाही, म्हणाले.

दाजी आता माझ्या शेजारी बसून चाचपत घड्या घालतात. काठाला काठ बरोबर जुळतो. गच्चीवर त्यांच्या जागी ताई जाते. घर कुणीतरी चालवायला हवंच.

काल ती पाणी प्यायला खाली आली, दाराच्या उजेडात उभी राहिली, आणि तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला तो लाल तिकोन दिसला. तिने माझी नजर ओळखली, ओठांवर बोट ठेवलं आणि परत वर गेली.

थोड्या वेळाने दाजींनी विचारलं, "वर चष्मा घालते ना रे ही? मला आता दिसत नाही, म्हणून तुला विचारतो."

"घालते की," मी म्हणालो.

त्यांचे हात घडीवरच थांबले.

"मग गठ्ठे परत का येत नाहीत?"