ओळखीच्या माणसाला टीप

वरकुट्याचा वाढपी इमाम बावीस वर्षं लोकांना जेवू घालत होता आणि बावीस वर्षांत खानावळीत त्याचा आवाज कधी चढला नव्हता. त्या रविवारी चढला. संध्याकाळपर्यंत ही बातमी निरवांगीला पोचली होती.

बारामती-इंदापूर रस्त्यावर रावजीनं पत्र्याच्या शेडात खानावळ टाकली, तेव्हापासून इमाम तिथं वाढायला. एकदा जेवून गेलेलं माणूस दोन वर्षांनी उगवलं तरी, "तुमाला सुकं कमी तिखट आन् भाकरी कडक," हे हा गडी न विचारता सांगणार. कुणाच्या पोरीची सोयरीक कुठं झाली, कुणाच्या सासऱ्याला शुगर निघाली, बांधाच्या भांडणापायी कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं नाही, सगळं त्याला तोंडपाठ. वडगाव निंबाळकरची माणसंसुद्धा वाट वाकडी करून 'इमामभाईकडं' जेवायला यायची. बोर्डावर नाव रावजीचं, तोंडात नाव इमामचं. रावजीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गल्ला त्याचाच होता.

पण टीप म्हणाल, तर ती ठेवून जायचा परका माणूस. पुण्या-सोलापूरची गाडी थांबली की बडीशेपेच्या वाटीत वीस-पन्नास दिसायचे. ओळखीच्या माणसाला लाज वाटायची. तो पाठीवर थाप मारायचा, इमामच्या बायकोची, बिबीजानभाभीची तब्येत विचारायचा, ईदला घरी येऊन शिरखुर्मा खायचा आणि खानावळीतून उठताना दात कोरत गाडीला चावी लावायचा. इमामच्या ओळखीवर खानावळ भरायची आणि त्याच ओळखीपायी त्याची वाटी कोरडी राहायची. पगार पुरा मिळत होता तोवर त्यानंही ते मनाला लावून घेतलं नाही.

रावजी थकला आणि गल्ल्यावर पोरगा बसला, अविराज. पुण्यात हॉटेलाचा कोर्स करून आलेला. गेल्या महिन्यात त्यानं इमामच्या हातावर अकराऐवजी सातच हजार ठेवले.

"चाचा, वरचे टीपेतून सुटतात की. मोठ्या हॉटेलात असंच असतं. सर्व्हिस चांगली द्या, जास्त मिळतील."

सर्व्हिस! ज्यानं ह्याचं नाक पुसलं, ह्याला कडेवर घेऊन गिऱ्हाईकांना रस्सा वाढला, त्याला हा सर्व्हिस शिकवत होता. महिनाभरात टीप जमली सहाशे चाळीस. बिबीजाननं परस्पर गुडघ्याच्या गोळ्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. पाकिटात शिल्लक राहिलेल्या गोळ्या दिसल्या आणि इमामच्या मस्तकात तिडीक गेली.

आत चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या अनिताला त्यानं हे सांगितलं. ती परातीवरून मान न उचलता म्हणाली, "तुमचं चार हजार गेलं, पण टीप तरी मिळती, चाचा. माझी भाकरी फुगली म्हणून चुलीपाशी कुणी धाची नोट ठिवलीया व्हय?"

इमाम हसला आणि ताटं घेऊन बाहेर आला.

रविवारी निरवांगीचे दादासो नऊ माणसं घेऊन आले. डाळिंबाला भाव लागला होता. रस्सा तीनदा मागवला, सुकं दोनदा. इमामची धावपळ बघून दादासो म्हणाले, "असा वाढपी पुण्यात न्हाय गावायचा!" बिल झालं, सगळे उठले. गल्ल्यावरून अविराज ओरडला, "दादासो, चाचांना विसरू नका बरं का!"

"आरं, घरच्या माणसाला कसली टीप? पैसं दिलं तर इमामभाईलाच राग यील. व्हय का न्हाय, इमामभाई?"

नऊच्या नऊ जण हसले. इमामनं हातातली ताटांची चळत टेबलावर अशी आदळली की शेजारचं पोर दचकून रडायला लागलं.

"व्हय, येतो राग! दादासो, डाळिंबाच्या काढणीला बाया येत्यात, त्या घरच्याच न्हवं? वयनीसंगं बसून भाकरी खात्यात. मग त्यांचा रोजगार बुडवता का? घरच्या हायती म्हणून?"

दादासोंचं हसू विरलं. त्यांनी घाईनं पाचशेची नोट काढली. "चुकलं राव. घ्या."

"ठिवा ती खिशात! मी भीक मागाय उभा न्हाय. तुमच्या मनात आलं तर माझ्या बायकूला गोळी, न्हाय आलं तर तिनं रातभर कण्हायचं, असं किती दिस चालवायचं? मला पगार पायजे."

"चाचा, आत बोलू," अविराज उठला. "गिऱ्हाईकांपुढं तमाशा नको."

"गिऱ्हाईकांच्या खिशातनं माझा पगार काढतोस ना? मग गिऱ्हाईकांपुढंच बोल! चार हजार का कापलं, सांग ह्यांना!"

आणि इमाम हाताची घडी घालून भिंतीला टेकला. सहा टेबलं खोळंबली. अविराजनं स्वतः मटणाच्या रश्शाची बादली उचलली आणि पहिलाच डाव एका माळकरी म्हाताऱ्याच्या वरणभातावर ओतला. म्हातारा ताट सारून उठला. "रावजीचं पोर हायेस का कोण? माळ दिसत न्हाय?" इकडून भाकरीचा ओरडा, तिकडून पाण्याचा. कोर्स केलेला गडी घामानं भिजला.

"देतो अकरा!" शेवटी तो बोलला. "पुढच्या महिन्यापासून."

"ह्या महिन्यापासनं. कापल्यालं चार पण. आन् टीप ज्याची त्याची."

"बरं, बरं! आता वाढा तरी!"

दादासोंनी टाळ्या वाजवल्या. मघाशी हसले होते तेच नऊ जण आता टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या इमामला हसण्यापेक्षा जास्त झोंबल्या. तो कुणाकडं न बघता ताटं उचलून आत निघाला. दारात अनिता उभी होती, कोपरापर्यंत पिठानं भरलेली.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "मला आठ वर्षं झाली, चाचा. तुमी वाढता ती एकूणएक भाकरी माझ्या हातची. पगार सहा हजार. माझं कोण बोलनार?"

इमाम एवढा ओरडला, पण तिचं नाव त्याच्या ओठावर आलं नव्हतं. आता राग आला तो स्वतःचाच, आणि तो सगळ्यात कडू होता.

"चूल इझव, अनिता. तुझं ठरल्याबिगर मी वाढत न्हाय," तो म्हणाला. तसाच मागं वळला आणि ताटं नेऊन अविराजच्या गल्ल्यावर ठेवली.