नावाच्या जागी बाळ

नातीने फोन माझ्यापुढे धरला. आमच्या गावच्या सुईण गोदाक्का, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिने फोनवरच वर्गणी काढली होती. देणाऱ्यांच्या नावाच्या जागी एकही नाव नव्हतं. जो तो लिहीत होता, ‘तुमच्या हातचं बाळ.’

तरुणपणी मी देवळाला पंखा दिला, तेव्हा तिन्ही पात्यांवर माझं नाव रंगवून घेतलं होतं. फिरत्या पंख्यावर ते वाचता येईना, म्हणून ऐन उन्हाळ्यात, भजन चालू असताना मी तो बंद करायची. लोक घामाघूम आणि दानशूर बाई खूश. आमची ही पोरं मात्र कुठून कुठून पैसे पाठवतात आणि नाव लपवतात. माझं गाव एवढं मोठं कधी झालं, मला कळलंच नाही.

पण आम्ही दोघी सांगायला गेलो, तर गोदाक्का अडून बसल्या. “फुकटचं नको मला. नावं सांग गं, चालायला लागले की एकेकाचं फेडते.”

नात वाचू लागली. “तुमच्या हातचं बाळ. तुमच्या हातचं बाळ. तुमच्या हातची जुळी.”

“जुळी म्हणजे सुताराची. बाकीची कुणाची?”

“सगळी तुमचीच, अक्का.”

अक्कांनी पदर सावरला. म्हणाल्या, “पोरांचं कुठं फेडतात होय? चल, दवाखान्यात कधी नेतेस ते सांग.”