न बोलणारं काडतूस

बंदुकीच्या दुकानात किस्से विकायला नसतात, पण काउंटरखाली साठतात ते तेच. गिऱ्हाईक काडतुसं घेऊन जातं, गोष्ट सोडून जातं. सासऱ्यांचं दुकान, नवऱ्याला रस नाही, म्हणून वसईत बंदुका विकते मी. लग्नाकार्यात शेजारची बाई विचारते, "तुम्ही काय करता?" सांगितलं की तिची खुर्ची जरा मागे सरकते. दुकानात उलटं. आलेला माणूस मलाच विचारतो, "मालक कुठेयत?" मी म्हणते, "समोरच बसल्यात. बोला."

*

एव्हरशाईन वसाहतीतल्या एका साहेबांना आजोबांची लिव्हर ॲक्शन रायफल वारशाने मिळाली, चापाभोवतीची लिव्हर खाली ओढली की जुनं काडतूस बाहेर आणि नवं आत, अशी. शिकार बंद होऊन जमाना झाला, पण नेमबाजीच्या रेंजवर चालवायची हौस. त्यांना टोकदार काडतुसंच हवी होती.

मी समजावलं, ह्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकलेलं. आणि बुडातच ती टोपी असते, जिच्यावर ठोका बसला की बार उडतो. म्हणून नाक चपटंच लागतं.

"पण मॅडम, टोकदार गोळी लांब जाते. मी व्हिडिओ पाहिलाय."

"जाते ना. पण तुमच्या रायफलीत बाहेर पडायच्या आधी आतच उडेल. तुमचा डावा हात नेमका तिथे असतो."

साहेबांनी मुकाट्याने चपटी घेतली. अजून रस्त्यात भेटले की त्यांचा डावा हात खिशात जातो.

*

आमचे मिस्त्री जेरोमकाका, सांडोरचे. उजव्या हाताला करंगळी नाही. तरुणपणी एकदा चाप ओढला, खट् झालं, बार झाला नाही. त्यांनी लगेच लिव्हर उघडली आणि काडतूस तेव्हा उडालं. जुनं काडतूस असं कधीकधी रेंगाळतं.

तेव्हापासून त्यांचा नियम आहे. खट् झालं आणि बार नाही झाला, तर रायफल खांद्यालाच ठेवायची, नळी मातीच्या बांधाकडे, आणि रोझरीचं एक दशक, म्हणजे जपमाळेतल्या दहा मण्यांच्या प्रार्थना, पूर्ण म्हणायचं. मगच लिव्हर. घड्याळ त्यांना चालत नाही. "घड्याळाकडे बघायला मान वळते, बाय. मान वळली की नळी वळते."

एक देशावरचे निवृत्त मास्तर रेंजवर अडले. "मला रोझरी येत नाही हो. रामरक्षा चालेल?"

जेरोमकाकांनी नीट विचार केला. "लांब आहे का?"

"बऱ्यापैकी."

"मग चालेल. पण घाईने म्हणू नका."

*

नंदाखाल गावचे इनासकाका केळीच्या वाडीचे मालक, आणि उशिराचे बादशहा. स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचले. त्यांची बायको फिलूमावशी अजून सांगतात, "चर्चच्या दारात उभं राहून माझे पाय सुजले होते."

काडतुसं निवडायची त्यांची तऱ्हा निराळी. एकेक कानाशी धरून हलवायचे. आतली दारू वाजते म्हणे. एकदा त्यांनी डब्यातलं एक बाजूला काढलं. "हे बोलत नाही."

जेरोमकाकांना राग आला. त्यांनी त्याच्या बुडाला बारीक खूण केली आणि सगळी मिसळून पुन्हा पुढे ठेवली. इनासकाकांनी डोळे मिटून तेच काढलं. परत मिसळली, परत तेच. काट्यावर ठेवलं तर वजन बाकीच्यांइतकंच.

"बदलून देते," मी म्हटलं.

"नको. माझंच आहे ते. बोलेल सावकाश."

पुढच्या वेळी आले तेव्हा ते काडतूस खिशात होतं आणि त्याच्या नाकावर मेणाचा थेंब. चर्चमधल्या मेणबत्तीचा. "ओळखायला," म्हणाले. मला ते मुळीच आवडलं नाही.

*

इनासकाका गेले. हॉस्पिटलहून त्यांना आणणारी गाडी वाटेत पंक्चर झाली. सगळं गाव चर्चमध्ये खोळंबलं, फादर दारात येरझाऱ्या घालत होते. रडता रडता फिलूमावशींना हसू आलं. "बघा. आजसुद्धा."

*

मुलाच्या नावावर परवाना होईपर्यंत इनासकाकांची रायफल, तीही लिव्हरवालीच, आमच्या दुकानात जमा होती. संध्याकाळी कुलूप लावताना लिव्हर बंद असायची, सकाळी उघडी. जेरोमकाकांनी स्प्रिंग बदलली. तरी तेच.

शेवटी मी वैतागून लिव्हर सुतळीने करकचून बांधली. सकाळी सुतळीची गाठ जशीच्या तशी होती आणि लिव्हर खाली. जेरोमकाकांनी क्रुसाची खूण केली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, आणि हा माणूस तापातही चहा सोडत नाही.

*

परवाना झाला. मुलगा नेल्सन खूश, फिलूमावशी नाहीत. "पोलिसात देऊन टाक," त्या म्हणत होत्या. "नवरा गेला. आता ह्या पोराच्या काळजीत दिवस काढू का?" शेवटी तडजोड झाली. रेंजवर एकदा चालवून बघायची. नीट चालली तर ठेवायची, काही दगा दिला तर त्याच दिवशी जमा.

विरारपलीकडच्या दगडखाणीत आमची परवानगीची रेंज आहे. दुपारी चौघं गेलो. बापाच्या डब्यातली काडतुसं जेरोमकाकांनी एकेक तपासली. सगळी चपट्या नाकाची, स्वच्छ. मेणवालं त्यांत नव्हतं. मी मुद्दाम पाहिलं.

पहिले बार छान झाले. मग खट्.

"हलू नकोस," जेरोमकाका म्हणाले, आणि दशक सुरू झालं. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, मलासुद्धा एव्हाना पाठ झालंय. संपलं. जेरोमकाकांनी मान हलवली, "उघड आता." नेल्सनची बोटं लिव्हरमध्ये गेली, चेहरा बरोबर तिच्यावर.

"थांब," फिलूमावशी म्हणाल्या.

"मम्मी, झालं ना म्हणून."

"अजून एकदा म्हण. तुझे पप्पा कधी वेळेवर आलेत का?"

नेल्सन चिडला, पण त्याने बोटं काढली आणि नळी बांधावर धरली. दुसरं दशक अर्ध्यावर आलं आणि बार झाला.

बांधातली माती खाली आली. नेल्सनच्या हातातून रायफल मीच घेतली. लिव्हर उघडली तर दारूचा वास नाहीच. विझलेल्या मेणबत्तीचा.

"इतक्या उशिरा उडत नाही," जेरोमकाका पुटपुटले. "कधीच नाही."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "मावशी, वाटेतच पोलीस स्टेशन आहे. जमा करून टाकू या."

फिलूमावशींनी रायफल माझ्याकडून घेतली. रुमालाने नळी पुसली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आता आलेत तर राहू देत घरी."